कान्होजी आंग्रे

कान्होजी तुकोजी आंग्रे (जन्म : सुमारे इ.स. १६६९, मृत्यू : ४ जुलै, इ.स. १७२९) हे मराठा आरमाराचे सरखेल, म्हणजे प्रमुख सेनापती होते. छत्रपती राजाराम, महाराणी ताराबाई आणि छत्रपती शाहू या तिघांच्या कारकिर्दींत मिळून सुमारे तीस वर्षे त्यांनी हे पद सांभाळले. त्यांची सत्ता मुंबईच्या दक्षिणेपासून विजयदुर्गापर्यंतच्या किनाऱ्यावर होती. मात्र या सत्तेला मान्यता देणारी राजगादी समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या पलीकडे साताऱ्यास होती. इंग्रज, पोर्तुगीज, डच आणि जंजिऱ्याचा सिद्दी या चारही दर्यावर्दी सत्तांशी त्यांचा संघर्ष झाला, आणि त्यांच्या हयातीत यांपैकी कोणालाही त्यांचा एकही प्रमुख जलदुर्ग जिंकून घेता आला नाही.

घराणे आणि बालपण

आंग्रे घराण्याचे मूळ आडनाव संकपाळ. पुणे जिल्ह्यातील आंगरवाडी या गावावरून ते आंग्रे म्हणवले जाऊ लागले. कान्होजींचे वडील तुकोजी हे शिवछत्रपतींच्या आरमारात सुवर्णदुर्ग येथे चाकरीस होते. सुवर्णदुर्ग हा हर्णैजवळचा जलदुर्ग. कान्होजींचे बालपण याच परिसरात, कोळी, भंडारी आणि खारवी मुलांच्या संगतीत गेले. पुढे ज्यांच्यावर त्यांनी हुकमत चालवली, त्या खलाशांची बोली, त्यांचे वाऱ्याचे आडाखे आणि भरती-ओहोटीचे गणित त्यांना लहानपणीच अवगत झाले. घाटावरच्या सरदारपुत्राला घोडा जसा उपजत कळावा, तसे त्यांना गलबत कळत असे.

संभाजी महाराजांच्या वधानंतरच्या धामधुमीत सुवर्णदुर्गाचा किल्लेदार अचलोजी मोहिते हा किल्ला सिद्दीच्या स्वाधीन करण्याच्या विचारात होता, असे परंपरेने सांगितले जाते. तरुण कान्होजींनी किल्ल्यावरील शिबंदीला आपल्या बाजूस वळवून किल्लेदाराला बाजूला सारले आणि सिद्दीचा वेढा झुगारून दिला. या हकिकतीच्या तपशिलांत आख्यायिकेचा भाग असला, तरी तिचा गाभा लक्षात घेण्याजोगा आहे. कान्होजींना पहिले नेतृत्व सनदेने मिळाले नव्हते. ते शिबंदीतील सामान्य माणसांच्या विश्वासाने मिळाले होते.

सरखेलपद

इ.स. १६९८ च्या सुमारास आरमाराचे प्रमुख सिधोजी गुजर मरण पावले आणि त्यांच्या जागी कान्होजी सरखेल झाले. हा काळ मराठी राज्याच्या कसोटीचा होता. छत्रपती राजाराम जिंजीहून परतले होते आणि साताऱ्यास राजधानी झाली होती. इ.स. १६९९ च्या अखेरीस औरंगजेबाने सातारच्या किल्ल्याला वेढा घातला. मार्च १७०० मध्ये राजाराम महाराज सिंहगडावर निवर्तले आणि पुढच्याच महिन्यात साताराही मोगलांच्या हाती गेला. अशा वेळी आरमाराला राजधानीतून द्रव्य किंवा कुमक मिळण्याची शक्यता नव्हती. ताराबाईंच्या कारकिर्दीत कान्होजींनी किनारा राखला तो जवळजवळ स्वतःच्याच बळावर. घाटावर राज्य टिकवण्याची लढाई चालू असताना कोकणपट्टी हातातून गेली नाही, याचे मोठे श्रेय त्यांना दिले पाहिजे.

कुलाबा हे त्यांचे मुख्य ठाणे झाले. शिवछत्रपतींनी अखेरच्या काळात हाती घेतलेला हा किल्ला ओहोटीच्या वेळी पायी गाठता येतो आणि भरतीला पाण्याने वेढला जातो. समोरच्या किनाऱ्यावर अलिबाग हे गाव वसले आणि अलिबागी रुपया हे चांदीचे नाणेही चलनात आले. दक्षिणेकडे सुवर्णदुर्ग व विजयदुर्ग आणि उत्तरेला मुंबई बंदराच्या तोंडाशी असलेले खांदेरी बेट ही त्यांची इतर महत्त्वाची ठाणी होत.

आरमार आणि आरमारातील माणसे

कान्होजींच्या चरित्रात लढायांची यादी नेहमी दिली जाते, पण ज्यांनी त्या लढाया केल्या त्या सामान्य दर्यावर्द्यांविषयी फारसे लिहिले जात नाही. त्यांच्या जीवनक्रमाची ओळख करून घेतल्याशिवाय सरखेलांचे यश समजणे कठीण आहे.

आरमारात मुख्यतः दोन प्रकारची लढाऊ जहाजे असत. गुराब हे दोन, क्वचित तीन डोलकाठ्यांचे, रुंद बांध्याचे आणि उथळ तळाचे जहाज. त्याच्या नाळेवर समोर मारा करणाऱ्या तोफा बसवलेल्या असत. गलबत त्याहून लहान, शिडांबरोबर चाळीस-पन्नास वल्ह्यांवर चालणारे. यांखेरीज शिबाडे, मचवे, पाल, तरांडी अशी इतर जहाजेही बाळगली जात. ऑर्म या इंग्रज इतिहासकाराने आंग्र्यांच्या युद्धपद्धतीचे वर्णन केले आहे. वारा पडलेला असला की गलबते वल्ह्यांच्या जोरावर गुराबांना ओढून नेत. शत्रूच्या जहाजाला पाठीमागून गाठून डोलकाठ्या आणि शिडे यांवर गोळे टाकीत. आणि जहाज पंगू झाले की गलबतांतील माणसे तलवारी घेऊन सर्व बाजूंनी त्यावर चढत. खोल तळाचे युरोपीय जहाज उथळ खाडीत त्यांचा पाठलाग करू शकत नसे. या साऱ्या पद्धतीचा भार अखेर वल्हेकऱ्याच्या खांद्यावर पडे. वारा नसताना तोफा भरलेले जड गुराब ओढून शत्रूच्या माऱ्यात नेणे किती कष्टाचे व धोक्याचे असेल, याची कल्पना करता येते.

जहाजावरील कामांची उतरंड ठरलेली होती. जहाजाचा कारभार सारंगाकडे असे. त्याच्या हाताखाली तांडेल आणि तांडेलाच्या हाताखाली खलाशी. तोफांसाठी गोलंदाज आणि चढाईसाठी शिपाई हे वेगळे असत. खलाशी प्रामुख्याने कोळी, भंडारी, खारवी, गाबीत, दालदी अशा किनाऱ्यावरच्या समाजांतून येत. त्यांत हिंदूंबरोबर मुसलमानही पुष्कळ होते. गोलंदाजीच्या कामासाठी कान्होजींनी युरोपीय माणसांनाही चाकरीस ठेवले होते. पोरवयात जहाजावर चढलेला मुलगा वल्हे मारण्यापासून सुरुवात करी. शिडाचा दोर, सुकाणू, पाण्याची खोली मोजणे ही कामे शिकत तो तांडेल होई आणि कर्तबगारी दिसली तर सारंग. घाटावरील लष्करात वतन आणि कुळी यांना जे महत्त्व होते, त्या मानाने समुद्रावर कसबाला अधिक वाव होता, असे म्हणता येईल. कान्होजींचे स्वतःचे उदाहरण यासंबंधी बोलके आहे.

या नोकरीला ऋतूची मर्यादा होती. ज्येष्ठात समुद्र खवळण्यापूर्वी जहाजे किल्ल्याच्या आश्रयाने खाडीत आणून छावणीस ठेवली जात. पावसाळ्यात त्यांची डागडुजी होई. फळ्यांचे सांधे बुजवणे, तेल देणे, दोर आणि शिडे दुरुस्त करणे ही कामे चालत. अनेक खलाशी या दिवसांत घरी जाऊन भातशेतीला हात लावीत आणि नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा जहाजावर हजर होत. म्हणजे मराठी खलाशी हा अर्धे वर्ष दर्यावर्दी आणि अर्धे वर्ष शेतकरी असे. घाटावरचा शिलेदारही दसऱ्याला मोहिमेवर निघून पावसाळ्याच्या तोंडाशी नांगराकडे परतत असे. सातारा प्रांतातला शिपाई आणि हर्णैचा खलाशी यांचे वर्ष एकाच पावसाने आखून दिलेले होते.

वेतनाचा प्रश्न सर्वांत नाजूक होता. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. आरमाराच्या माणसांचा तनखा मुलखाच्या वसुलातून नेमून द्यावा, समुद्रावर मिळणाऱ्या उत्पन्नावर त्यांना अवलंबून ठेवू नये, असे धोरण अमात्यांनी त्यात मांडले आहे. कारणही स्पष्ट केले आहे. खलाशाचे पोट लुटीवर किंवा बंदराच्या जकातीवर अवलंबून राहिले, की सावकार नाडले जातात आणि बंदर ओस पडते. छावणीची जागा दरवर्षी बदलावी, म्हणजे एकाच बंदराच्या रयतेला उपद्रव होणार नाही, आणि जहाजबांधणीसाठी रयतेची झाडे तिच्या राजीखुषीवाचून तोडू नयेत, ही पथ्येही तेथे सांगितली आहेत. हे धोरण आदर्श होते. कान्होजींच्या वाट्याला आलेली परिस्थिती मात्र तशी नव्हती. साताऱ्याहून नियमित तनखा येण्याजोगी राज्याची स्थितीच नव्हती. त्यामुळे आपल्या ताब्यातील मुलखाचा वसूल, दस्तकाचे शुल्क आणि पकडलेल्या जहाजांचे उत्पन्न यांवरच त्यांना हजारो माणसे पोसावी लागली. इंग्रजांशी झालेल्या त्यांच्या कलहाचे मूळ पुष्कळ अंशी येथे आहे.

दोन गाद्यांमधील निष्ठा

इ.स. १७०७ मध्ये शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले आणि १२ जानेवारी १७०८ रोजी साताऱ्यास त्यांचा राज्याभिषेक झाला. ताराबाईंनी पन्हाळ्याचा आश्रय घेतला. मराठी राज्याच्या दोन गाद्या झाल्या आणि आजच्या सातारा, सांगली व कोल्हापूर जिल्ह्यांचा मुलूख या दोन्ही पक्षांच्या चढाओढीचे क्षेत्र बनला. कान्होजी ताराबाईंच्या पक्षास राहिले. त्यांना सरखेली राजाराम महाराजांकडून मिळालेली असल्याने ही निष्ठा स्वाभाविक होती. शिवाय दूरच्या पन्हाळ्याचे स्वामित्व त्यांच्या स्वातंत्र्याला अडचणीचे नव्हते, हेही नजरेआड करता येत नाही.

इ.स. १७१३ मध्ये शाहू महाराजांनी पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना कान्होजींवर पाठवले. कान्होजींनी पिंगळ्यांना पराभूत करून कैद केले, लोहगड व राजमाची हे घाटमाथ्याचे किल्ले घेतले आणि साताऱ्यावर चालून जाण्याची भीती निर्माण केली. खुद्द पेशवाच कैदेत पडल्यामुळे सातारा दरबाराची स्थिती बिकट झाली. नोव्हेंबर १७१३ मध्ये शाहू महाराजांनी बाळाजी विश्वनाथ भट यांना पेशवेपद दिले आणि हे प्रकरण त्यांच्याकडे सोपवले.

बाळाजी विश्वनाथ हे मूळचे श्रीवर्धनचे. सिद्दीच्या जाचामुळे त्यांना आपला प्रांत सोडावा लागला होता आणि कोकणातील मिठागरे, बंदरे व तेथील माणसे यांची त्यांना चांगली माहिती होती. त्यांनी लढाई टाळून लोणावळ्याजवळ कान्होजींची भेट घेतली. सिद्दी हा दोघांचाही शत्रू, हा या बोलणीतला समान धागा होता. फेब्रुवारी १७१४ मध्ये तह झाला. कान्होजींनी शाहूंचे स्वामित्व मान्य केले आणि बहिरोपंतांना सोडले. त्याबदल्यात त्यांचे सरखेलपद कायम झाले आणि दहा जलदुर्ग व सोळा भुईकोट आणि डोंगरी किल्ले मुलखासह त्यांच्याकडे राहिले. वजारत-माब सरखेल हा त्यांचा किताब रूढ झाला. या तहाने सातारच्या गादीला रक्त न सांडता समुद्रकिनारा मिळाला. पेशव्यांच्या उत्कर्षाचा आरंभही याच घटनेपासून मानला जातो. दोन्ही गाद्यांमधील हद्दीचा वाद मात्र कान्होजींच्या मृत्यूनंतर, १७३१ च्या वारणेच्या तहाने मिटला. आज सांगली व कोल्हापूर जिल्ह्यांच्या दरम्यान वाहणारी वारणा नदी त्या वेळी दोन राज्यांची सीमा ठरली.

इंग्रजांशी संघर्ष

कान्होजींनी आपल्या किनाऱ्यावरून जाणाऱ्या व्यापारी जहाजांना दस्तक, म्हणजे परवाना घेणे सक्तीचे केले. ही पद्धत त्यांनी नव्याने काढलेली नव्हती. पोर्तुगीज दोन शतके हेच करीत आले होते. इंग्रजांनी आपल्या कंपनीच्या जहाजांना सूट मागितली. अडचण अशी होती की कंपनीचे नोकर खासगी व्यापार करीत आणि देशी व्यापाऱ्यांचा मालही इंग्रजी निशाणाखाली नेला जाई. अशी जहाजे कान्होजींचे लोक पकडत. इंग्रजी कागदपत्रांत त्यामुळे त्यांना चाचा ठरवले गेले आणि हे विशेषण पुढे अनेक पाश्चात्त्य ग्रंथांत तसेच उतरले. ज्याच्याजवळ छत्रपतींची सनद, किल्ले, मुलूख आणि स्वतःचे नाणे होते, त्याला हा शब्द लावणे न्यायाचे नाही. अमात्यांनी सांगितलेला, व्यापाऱ्याला होणाऱ्या उपद्रवाचा दोष मात्र त्यांच्या कारभारात होता, हेही मान्य करावे लागते.

नोव्हेंबर १७१२ मध्ये मुंबईचा गव्हर्नर विल्यम एस्लबी याचे खासगी जहाज कान्होजींच्या आरमाराने पकडले. कारवारच्या वखारीचा प्रमुख चाऊन हा त्या चकमकीत ठार झाला आणि त्याची तरुण पत्नी कैद झाली. पुढच्या फेब्रुवारीत तहाची बोलणी होऊन तीस हजार रुपये खंडणी घेऊन तिला सन्मानाने सोडण्यात आले. हा सलोखा फार टिकला नाही.

डिसेंबर १७१५ मध्ये चार्ल्स बून हा मुंबईचा गव्हर्नर झाला. त्याने मुंबईभोवती तटबंदी उभारली, नवी लढाऊ जहाजे बांधली आणि कान्होजींचा नायनाट हे आपले ध्येय ठरवले. १७१७ मध्ये विजयदुर्गावर, १७१८ मध्ये खांदेरीवर आणि १७२० मध्ये पुन्हा विजयदुर्गावर इंग्रजांनी मोहिमा काढल्या. अखेरच्या मोहिमेसाठी फ्राम नावाचा तोफा लादलेला तरंगता मंच मुद्दाम बांधून घेतला होता. तिन्ही मोहिमा फसल्या. या मोहिमांत सामील असलेल्या क्लेमंट डाउनिंग या कनिष्ठ इंग्रज दर्यावर्द्याने लिहिलेला वृत्तान्त १७३७ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला. वरिष्ठांच्या अहवालांपेक्षा तो वेगळा वाटतो, कारण त्यात पराभव खालच्या पायरीवरून पाहिलेला आहे.

डिसेंबर १७२१ मध्ये इंग्रज व पोर्तुगीज यांनी मिळून कुलाब्यावर स्वारी केली. इंग्लंडच्या राजाच्या आरमारातील लढाऊ जहाजे घेऊन कमोडोर टॉमस मॅथ्यूज मुद्दाम आला होता. एवढ्या मोठ्या फौजेपुढे एकट्या कान्होजींचा निभाव लागणे अवघड होते. तथापि १७१४ चा तह या प्रसंगी फळास आला. शाहू महाराजांनी घाटावरून कुमक धाडली आणि पिलाजी जाधव व बाजीराव पेशवे यांच्या घोडदळाने जमिनीच्या बाजूने मदत केली. इंग्रजांचा हल्ला किल्ल्याच्या भिंतीपाशी मोडला. जानेवारी १७२२ मध्ये पोर्तुगिजांनी मराठ्यांशी स्वतंत्र तह केला आणि इंग्रजांना रिकाम्या हाताने मुंबईस परतावे लागले. १७२४ मध्ये डचांनी विजयदुर्गावर केलेला हल्लाही असाच निष्फळ ठरला.

ब्रह्मेंद्रस्वामी आणि हत्तीचे प्रकरण

चिपळूणजवळच्या परशुराम क्षेत्रातील ब्रह्मेंद्रस्वामी यांना शाहू महाराज, पेशवे आणि आंग्रे हे सर्वच मानीत. सिद्दीच्या दरबारीही त्यांना मान होता. सावनूरच्या नवाबाकडून सिद्दी सात याच्यासाठी स्वामींबरोबर येत असलेला हत्ती वाटेत आंग्र्यांच्या माणसांनी अडवून नेला. यात स्वामींचाच हात असावा असा सिद्दीचा ग्रह झाला आणि १७२७ च्या महाशिवरात्रीला त्याने परशुराम क्षेत्र लुटले. पुढे स्वामींच्या शब्दाखातर हत्ती परत करण्यात आला, तरी स्वामींचे मन कोकणात रमले नाही. ते घाट चढून साताऱ्याजवळ धावडशी येथे राहावयास गेले आणि १७४५ मध्ये तेथेच समाधिस्थ झाले. चौकीवरील माणसांच्या एका आगळिकीचे परिणाम कोठवर जाऊ शकतात, हे या प्रकरणात दिसते. सिद्दीचा बंदोबस्त करावा म्हणून स्वामींनी पुढे सातारा दरबारात सतत तगादा लावला आणि १७३३ मध्ये जंजिऱ्याची मोठी मोहीम निघाली.

मृत्यू आणि नंतरचा काळ

४ जुलै १७२९ रोजी कान्होजींचे निधन झाले. त्यांची समाधी अलिबाग येथे आहे. सेखोजी, संभाजी, मानाजी, तुळाजी, येसाजी आणि धोंडजी हे त्यांचे पुत्र. सेखोजी सरखेल झाले, पण १७३३ मध्ये तेही वारले आणि भाऊबंदकी सुरू झाली. सत्तेचे कुलाबा आणि विजयदुर्ग असे दोन भाग पडले. विजयदुर्गाचे तुळाजी आंग्रे पेशव्यांना जुमानीनात, तेव्हा पेशव्यांनी त्यांच्याविरुद्ध इंग्रजांचीच मदत घेतली. १७५५ मध्ये सुवर्णदुर्ग पडला आणि फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन व क्लाइव्ह यांच्या हल्ल्यात विजयदुर्गाच्या बंदरात आंग्र्यांचे आरमार जळून गेले. बाळाजी विश्वनाथांनी वाटाघाटीने राखलेले आरमार त्यांच्या नातवाच्या धोरणाने नष्ट झाले, ही घटना मराठी इतिहासातील मोठी चूक मानली जाते. कुलाब्याची शाखा मात्र १८४० मध्ये संस्थान खालसा होईपर्यंत टिकली.

आरमार बुडाले तरी दर्यावर्दी माणसे उरली. काही पेशव्यांच्या आरमारात धुळपांच्या हाताखाली गेली. आनंदराव धुळपांनी १७८३ मध्ये इंग्रजांचे रेंजर हे जहाज पकडले. काहींच्या पुढच्या पिढ्या कंपनीच्या मुंबईच्या आरमारात खलाशी म्हणून भरती झाल्या. ज्या गावांनी सरखेलांना वल्हेकरी दिले, त्याच किनाऱ्याची मुले इंग्रजी निशाणाखाली समुद्रावर गेली.

स्मारके

मुंबईतील कॅसल बॅरॅक्स या नौदल तळाचे १५ सप्टेंबर १९५१ रोजी आय.एन.एस. आंग्रे असे नामकरण झाले. निकृष्ट अन्न, तुटपुंजे वेतन आणि गोऱ्या अधिकाऱ्यांची अपमानास्पद वागणूक यांविरुद्ध नौसैनिकांनी १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईच्या तलवार तळावर संप पुकारला, तेव्हा याच कॅसल बॅरॅक्सच्या परिसरात तिसऱ्या दिवसानंतर गोळीबार झाला होता. खांदेरी बेटाला आणि तेथील दीपगृहाला कान्होजींचे नाव देण्यात आले आहे. १९९९ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्या आरमारातील गुराबाचे चित्र असलेले तिकीट काढले. अलिबागेत त्यांच्या समाधीपासून कुलाबा किल्ल्याचा तट जवळच आहे. किल्ल्यात जाण्यासाठी अजूनही ओहोटीची वाट पाहावी लागते.